हप्ता कमी करायचाय, पण कुठून?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:
कोल्हापूरजवळच्या एका गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. वय 34, घरी शिवणकाम करतात. यजमान 39 वर्षांचे, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मोल्डिंगला सुपरवायझर. मुलगी 11 वर्षांची, मुलगा 6 वर्षांचा, सासूबाई सोबत. घरखर्च महिन्याला 28,000. घराच्या कर्जाचे 19 लाख फिटायचे आहेत, अजून 17 वर्षं हप्ते आहेत. यजमान तंबाखू-चुना खातात, गेल्या दिवाळीपासून बीपीची गोळी सुरू आहे. सासरे 54 व्या वर्षी हृदयविकाराने गेले. आता 1 कोटीचा टर्म विमा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा विमा, काढायचं ठरलं, तर हप्ता सांगितला वर्षाला 41,000. धाकट्या दिरांनी 2022 मध्ये त्याच कंपनीकडून 'तोच' विमा घेतला, त्यांचा हप्ता होता 10,500. एजंट म्हणजे यजमानांचे मावसभाऊ. ते म्हणतात, तंबाखूपुढे 'नाही' लिहू, बीपीचं बोलूच नका, 26,000 मध्ये बसवून देतो. तीन वर्षं गेली की कंपनी काही विचारू शकत नाही. यजमान म्हणतात, एक तर तसं करू, नाही तर वर्षभर थांबू, तंबाखू सोडतो, मग घेऊ. शिवाय जिवंत राहिलो तर हे पैसे बुडालेच की! आधीच्या दोन पॉलिसींना ते वर्षाला 27,000 भरतात, 'पण ते परत मिळतात'. ताईंनी हरकत घेतली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, अभद्र बोलू नको. अर्ज शुक्रवारी भरायचा आहे. हप्त्यात एवढा फरक का, आणि आपण गप्प बसावं का, असं त्या विचारतात.

ताई,

शुक्रवार जवळ आलाय म्हणून आधी हे सांगते: गप्प बसू नका. त्या अर्जावर सही तुमच्या यजमानांची असेल, पण त्यात लिहिलेल्या प्रत्येक शब्दाचा जाब उद्या कुणाला द्यावा लागला तर तो तुम्हालाच. कायद्यातच तसं लिहिलेलं आहे, आणि त्याकडे मी येतेच. आधी 41,000 आणि 10,500 चा हिशोब बघू, कारण हप्ता खऱ्या मार्गाने कमी करायची वाट त्यातूनच जाते.

दोन्ही कागदांचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. तुम्ही 'तोच विमा' म्हणता, पण कागदं तसं सांगत नाहीत. दिरांचा विमा 75 लाखांचा आहे आणि त्यांच्या 60 व्या वर्षापर्यंत आहे. तुमच्या यजमानांसाठी काढलेला आकडा 1 कोटीचा, तोही 70 व्या वर्षापर्यंतचा. त्याखाली बारीक अक्षरात दोन रायडर, म्हणजे मूळ विम्याला जोडलेली जादा कवचं, जोडलेत, एक अपघाती मृत्यूचा आणि एक गंभीर आजारांचा. दिरांच्या कागदावर एकही नाही. दिरांनी पॉलिसी घेतली तेव्हा ते 31 वर्षांचे होते. ते सुपारीसुद्धा खात नाहीत असं तुम्हीच लिहिलंय, आणि त्यांची नोकरी टेबलाजवळची. एवढं सगळं वेगळं असताना हप्ता सारखा यावा अशी अपेक्षा ठेवली, की मग 41,000 ही लूट वाटायला लागते आणि खोटं लिहिणं म्हणजे त्या लुटीवरचा उपाय वाटतो.

वयाचा भाग समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे आहेत. कोणत्या वयात हजारातली किती माणसं जातात याचा तक्ता विमा कंपन्यांकडे असतो. आपल्याकडे 2012-14 या काळातल्या विमाधारकांच्या अनुभवावर बेतलेला तक्ता 2019 पासून वापरात आला. टर्म विम्याचा हप्ता पहिल्या वर्षी ठरतो आणि शेवटपर्यंत तेवढाच राहतो. मरणाचा धोका मात्र दरवर्षी वाढत जातो. मग पुढच्या म्हातारपणाचा भार कंपनी आजच्या हप्त्यातच थोडा थोडा घेते. 61 ते 70 ही दहा वर्षं त्यात सगळ्यात जड. तुमच्या कागदावरच्या 41,000 मधला मोठा हिस्सा त्या दहा वर्षांचा आहे, आणि ती दहा वर्षं तुम्हाला हवीत का, हे कुणी विचारलेलंच दिसत नाही. यजमान 60 चे होतील तेव्हा मुलगी 32 ची आणि मुलगा 27 चा असेल. घराचं कर्ज त्याआधीच, 56 व्या वर्षी, फिटलेलं असेल. ज्या पगाराची जागा भरून काढायला हा विमा घ्यायचा, तो पगारच तोवर थांबलेला असेल. मग 70 कशाला?

दिरांच्या 10,500 मध्ये तेव्हाचा 18 टक्के जीएसटीसुद्धा होता. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे, जुन्या पॉलिसींच्या पुढच्या हप्त्यांवरही. त्यांना विचारून बघा, त्यानंतरचा हप्ता 8,900 च्या आसपास आला असेल. तुमच्या 41,000 च्या कागदावर करापुढे काय लिहिलंय तेही पाहा. एजंटांच्या पिशवीत जुनी दरपत्रकं अजून सापडतात.

आता तंबाखू. अर्जात प्रश्न असतो 'कोणत्याही स्वरूपात' सेवन करता का. बिडी-सिगारेटच नाही, गुटखा, मावा, मळलेला तंबाखू, सगळं त्यात आलं. धूर काढत नाही म्हणजे आपण त्यात नाही, असं आपल्या भागात कितीतरी जण मनापासून मानतात. एवढ्या रकमेच्या विम्याला बहुतेक वेळा वैद्यकीय तपासणी लागते, आणि त्यात रक्तातलं किंवा लघवीतलं कोटिनिन तपासतात. निकोटिन शरीरात गेलं की त्यापासून ते तयार होतं, मग ते नाकातून गेलेलं असो की दाढेखालच्या बारातून. मावसभाऊ म्हणतील, तपासणीआधी थोडे दिवस खाऊ नकोस. समजा तपासणी निघून गेली. पुढे काय होतं ते सांगते.

दाव्यांच्या फायली मी बऱ्याच वाचल्या आहेत. सगळ्या फायलींत एक कागद मी आधी शोधते, तो म्हणजे रुग्णालयातला केस पेपर. माणूस छातीत कळ आली म्हणून रात्री आणलेला असतो. अपघात विभागातला शिकाऊ डॉक्टर बायकोला विचारतो, काही सवय? कुठली गोळी चालू आहे? आणि बायको, जिवाच्या आकांताने, सगळं खरं सांगते. सांगायलाच पाहिजे, त्यावर उपचार ठरत असतात. डॉक्टर 'हिस्ट्री'समोर लिहितो: तंबाखू, 15 वर्षं, रक्तदाब, गोळी सुरू. पॉलिसी घेऊन तीन वर्षं झालेली नसतील तर कंपनी चौकशी करते, हाच कागद मागवते आणि अर्जाशेजारी ठेवते. त्या कागदावरची माहिती तुम्ही दिलेली असते.

मावसभाऊ जे तीन वर्षांचं सांगतात, ते 1938 च्या विमा कायद्याचं कलम 45. तीन वर्षं पूर्ण झाल्यावर कंपनीला पॉलिसीवर कोणत्याही कारणाने शंका घेता येत नाही, हे खरं आहे. पण ते कलम पूर्ण वाचलं पाहिजे. ही तीन वर्षं पॉलिसी दिल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख, पुनरुज्जीवनाची तारीख आणि रायडर जोडल्याची तारीख, यांतल्या सगळ्यात शेवटच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे एखाद्या वर्षी ओढाताणीत हप्ता चुकला, पॉलिसी बंद पडली आणि नंतर पुन्हा चालू केली, की मोजणी पहिल्यापासून. तीन वर्षांच्या आत कंपनीने फसवणुकीचा ठपका ठेवला आणि विमाधारक हयात नसेल, तर ती फसवणूक नव्हती हे सिद्ध करायची जबाबदारी कायद्याने लाभार्थींवर टाकली आहे. लाभार्थी म्हणजे तुम्ही. नवरा गेलेला, दोन मुलं, डोक्यावर कर्ज, आणि वकिलासमोर बसून तुम्ही सांगायचं की यांना तंबाखूचं लपवायचं नव्हतं. जे लपवायचं ठरलं तेव्हा तुम्ही त्याच खोलीत होता.

'अर्ज एजंटने भरला, आम्ही फक्त सही केली' हेही चालत नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण होतं, त्यात विमाधारकाने आपली दुसऱ्या कंपनीची पॉलिसी अर्जात दाखवली नव्हती. न वाचता सही केली हे म्हणणं न्यायालयाने मान्य केलं नाही आणि कंपनीने दावा नाकारला तो बरोबर ठरला. म्हणून यजमानांच्या आधीच्या दोन पॉलिसीही या अर्जात रकमेसकट यायला हव्यात. त्याकडे मावसभावांचं लक्ष गेलंय का, हे तुमच्या पत्रात नाही. विचारा.

बीपीबद्दल मला तुमच्या घरातली भीती जरा जास्तच वाटली. एक गोळी, रक्तदाब आटोक्यात, डॉक्टरांचे कागद नीट, असं असेल तर कंपन्या बऱ्याचदा थोडा जादा हप्ता लावून विमा देतात, काही वेळा तोही लावत नाहीत. लपवलं तर मात्र हीच साधी गोळी दावा अडकवायला पुरेशी होते. सासऱ्यांचं जाणंही अर्जात विचारतील, आई-वडील कोणत्या वयात आणि कशाने गेले असा प्रश्न असतो. त्यात आपल्या हातात काही नाही, ते जसं आहे तसं लिहायचं. फाउंड्रीच्या बाबतीत नुसतं 'सुपरवायझर' लिहून थांबू नका. भट्टीजवळ, ओतकामाजवळ किती वेळ जातो आणि मोल्डिंगच्या लाइनवर किती, हे स्पष्ट लिहा. त्याने हप्ता थोडा वाढेलही. पण कामावर काही झालं तर त्या वर्णनाचाच आधार मिळेल.

सासूबाईंच्या 'अभद्र बोलू नको'बद्दल. त्यांचा नवरा 54 व्या वर्षी गेला. मरणाचा विषय त्यांना सोसवत नाही यात नवल नाही, आणि त्यांच्याशी वाद घालू नका. पण त्यांच्यापाशी एकदा शांतपणे बसून विचारा, की तेव्हा घर कसं चाललं, कुणाकडे हात पसरावा लागला, यजमानांचं शिक्षण कुठे थांबलं. मला वाटतं या घरात विम्याचं महत्त्व सगळ्यात जास्त त्यांनाच माहीत आहे, फक्त त्यांना तसं कुणी विचारलेलं नाही. तंबाखू लपवण्याच्या विरोधात त्या तुमच्या बाजूने उभ्या राहिल्या तर शुक्रवार सोपा जाईल.

थांबायचं का? नको. तंबाखू सोडायचं यजमानांनी मनावर घेतलं असेल तर त्यांना मनापासून शुभेच्छा; 1800-11-2356 हा तंबाखू सोडवायला मदत करणारा सरकारी मोफत क्रमांक आहे, आजच लावा. पण सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी दर बदलत नाही. कंपन्या साधारण किमान 12 महिने पूर्ण बंद असल्याचं विचारतात, काही त्याहून जास्त. तोवर यजमान चाळिशी गाठतील, वयाचा दर चढेल, बीपीचं काय होईल कुणी सांगावं, आणि ते वर्षभर घर उघड्यावर राहील. आज तंबाखू खातात तर आज तसं लिहून विमा घ्यावा. वर्ष-दीड वर्षाने खरोखर सुटली असेल तर कंपनीला नव्याने दर द्याल का विचारावं, नाही तर दुसरी पॉलिसी बघावी. एक काळजी घ्या: नवी हातात येईपर्यंत जुनीचा हप्ता थांबवू नका, आणि नव्या पॉलिसीची तीन वर्षं नव्याने मोजली जातील हे ध्यानात असू द्या.

मग 41,000 कमी कसे करायचे? आधी मुदत 70 वरून 60 वर आणा. मग गंभीर आजाराचा रायडर काढा. त्यापेक्षा घराचा आरोग्य विमा आहे का ते पाहा. तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही, त्याची मला काळजी वाटली. अपघाताचा रायडर तुलनेने स्वस्त असतो आणि फाउंड्रीत काम करणाऱ्यासाठी मी तो ठेवेन. हप्ता वार्षिक ठेवा. मासिक ठेवला तर एकूण थोडे जास्त जातात आणि चुकल्यावर सवलतीचे 15 दिवसच मिळतात, वार्षिकला 30. दोन-तीन कंपन्यांच्या संकेतस्थळावर तीच माहिती, तंबाखू 'होय' धरून, स्वतः भरून पाहा. कंपनी-कंपनीत तंबाखू आणि बीपीला लावलेला दर बराच वेगळा असतो.

रकमेला हात सगळ्यात शेवटी लावा. कर्ज फेडायला 19 लाख बाजूला काढा. 28,000 च्या घरखर्चाचे वर्षाला 3,36,000 होतात. 75 लाखांतून कर्ज फिटलं तर 56 लाख उरतात, आणि 6 टक्क्यांनी त्याचं व्याज बरोबर 3,36,000. म्हणजे आजचा खर्च निघतो. महागाई आणि मुलांचं शिक्षण त्यात नाही. म्हणून 1 कोटी हा आकडा मला फुगवलेला वाटत नाही. शिवाय मोठ्या रकमेला लाखामागचा दर बऱ्याचदा कमी पडतो, त्यामुळे 75 वर आल्याने हप्ता चौथाईने उतरेलच असं नाही. यजमानांचा पीएफ कापला जात असेल तर त्यासोबत ईडीएलआय नावाचा विमाही असतो, जास्तीत जास्त 7 लाखांचा, कामगाराला काही न भरता. पीएफच्या खात्यावर वारस म्हणून तुमचं नाव लागलंय का, हे आज रात्री मोबाइलवर बघून घ्या.

आता 'पैसे बुडाले'. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात टोचलेलं वाक्य ते. आधीच्या दोन पॉलिसींचा मिळून विमा किती, तर 5 लाख, असं तुम्ही खाली लिहिलंय. 5 लाखांसाठी वर्षाला 27,000 जातात तेव्हा घरात कुणी कुरकुरत नाही, आणि 1 कोटीसाठी त्याच्या जवळपास द्यायचे म्हटलं की बुडाले वाटतात. त्या पॉलिसी वाईट आहेत असं मी म्हणत नाही; त्या बचतीच्या आहेत, आणि 5 लाख तुमच्या कर्जाच्या एक चतुर्थांशाला थोडेसेच ओलांडतात. हप्ता परत देणारा टर्म विमा मावसभाऊ सुचवतील, त्याचा हप्ता बराच जास्त असतो. साध्या टर्मचा आणि त्याचा फरक काढा, तो फरक दरवर्षी पीपीएफसारख्या ठिकाणी टाकला तर 21 वर्षांनी किती होतील हे मांडा, आणि मग ठरवा. जुन्या पॉलिसी रागाच्या भरात मोडू नका. पुढचे हप्ते थांबवून त्या 'पेड-अप', म्हणजे कमी रकमेवर चालू, ठेवता येतात का आणि आज मोडल्या तर हातात काय पडेल, हे दोन आकडे कंपनीकडून लेखी घ्या. तेही नवी पॉलिसी हातात आल्यावरच.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. तुमचा विमा? तुमच्या शिवणकामाचे पैसे घरात येतात, मुलं-सासूबाई-स्वयंपाक तुमच्यावर. उद्या तुम्ही नसलात तर या सगळ्याला यजमानांना माणसं लावावी लागतील. बायकांचा दर त्याच वयाच्या पुरुषापेक्षा कमी असतो, आणि गृहिणींनाही नवऱ्याच्या उत्पन्नावर काही मर्यादेपर्यंत टर्म विमा मिळतो. बँकेत खातं असेल तर प्रधानमंत्री जीवनज्योती विम्यात वर्षाला 436 रुपयांत 2 लाखांचं कवच मिळतं. 50 वर्षं वयापर्यंत त्यात भाग घेता येतो. सुरुवात तिथून करा. तुम्ही सकाळी मिश्री लावत असाल तर तीही तंबाखूच, अर्जात 'होय' लिहायचं.

शुक्रवारी मावसभाऊ येतील तेव्हा त्यांना खोटं पाडू नका, नाती टिकवायची आहेत. एवढंच म्हणा, "भाऊजी, दावा मलाच करायचाय, मला कोर्टात उभं राहता येणार नाही. 60 पर्यंतचा, तंबाखू 'होय' धरून, आजाराच्या रायडरशिवायचा आकडा काढून द्या." आकडा आणायला त्यांना आणखी दोन दिवस लागले तर लागू द्या. यजमान कुणाच्या कर्जाला जामीन असतील तर 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली पॉलिसी घ्यायला सांगा, म्हणजे ती रक्कम सावकाराच्या किंवा बँकेच्या हाती जात नाही, पत्नी-मुलांचीच राहते. अर्ज करतानाच हे सांगावं लागतं.

पॉलिसी आली की तिच्यासोबत भरलेल्या अर्जाची प्रत येते. ती काढून तंबाखू, बीपी, सासऱ्यांचं वय आणि जुन्या दोन पॉलिसी या चार ठिकाणची उत्तरं तुम्ही स्वतः वाचा. एखाद्या ठिकाणी वेगळं लिहिलेलं दिसलं तर कंपनीला लेखी कळवून दुरुस्ती मागा. पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करण्याचाही हक्क आहे. तसं केलं तर झालेल्या दिवसांचा जोखीम-आकार, तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा करून बाकी हप्ता परत मिळतो.